जिभेच्या मुळाशी

तान्ह्या बाळाची जीभ नीट पाहायची असेल तर त्याच्या रडण्याची वाट पाहावी लागते. मोठे माणूस ‘आ करा’ म्हटले की आ करते. बाळ हसले तर हिरड्या दिसतात, जांभई दिली तर टाळू दिसतो. पण जीभ शेंड्यापासून मुळापर्यंत दिसावी असे वाटत असेल तर ते चांगले कळवळून रडलेच पाहिजे. म्हणून गेली चाळीस वर्षे मी दुसऱ्यांची लेकरे रडवीत आलो आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताचा अंगठा बाळाच्या हनुवटीवर, आणि समोर आईच्या डोळ्यांत दाटून आलेला राग. अशा अवस्थेत जे दोन-तीन सेकंद मिळतात तेवढ्यात सगळे पाहून घ्यायचे. पुढच्या हुंदक्याला तोंड मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला मी १९८४ साली आलो. औरंगाबादच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे आमच्या भाषेत ‘घाटी’तून, नुकता बाहेर पडलो होतो. एका जुन्या वाड्याच्या ओसरीला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एकीत मी बसत असे, दुसरीत माझी खाट आणि औषधांची खोकी. गावाच्या टेकडीवर त्वरितादेवीचे देऊळ आहे. हाकेला लगेच धावते म्हणून त्वरिता, असे मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितले, आणि मला ते फार आवडले. त्या वयात मलाही सगळे त्वरित करायचे होते. काळी जमीन, कपाशी, ज्वारी, उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघून जाणारे अर्धे गाव. हे सगळे समजून घ्यायला मला पुढे वर्षे लागली. पण गोळ्या लिहून द्यायला पहिल्या दिवशीच सुरुवात झाली.

लहान मुलांच्या जिभेवरची गाठ ही फार विरळा गोष्ट. सर्दी-खोकला, हगवण, गोवर यांच्या गर्दीत ती क्वचितच भेटते. चाळीस वर्षांत मी पाहिलेली अशी बाळे हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरी त्यांच्याविषयीच लिहावेसे वाटते याचे कारण असे की, पोटावर गाठ घेऊन आलेली आई विचारते, ‘जगंल ना?’ आणि जिभेवर गाठ असलेल्या बाळाची आई विचारते, ‘बोलंल ना?’ पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, ते कुणाला वाचता येत नाही. पण जीभ ही जणू त्या लिहिण्याची वाचा. तिच्यावर काही उगवले की बायका घाबरतात. जगण्याच्याही आधी बोलण्याचा प्रश्न त्यांच्या तोंडी येतो. मला हे प्रथम उलटे वाटे. आता वाटत नाही.

पहिली मुलगी आली ती १९८६ साली. सात महिन्यांची होती. झोपेत घोरते, दूध पिताना ठसका लागतो, रडण्याचा आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा येतो, एवढी तक्रार. मी तिला रडवले, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली, तर अगदी मुळाशी, मधोमध, तांबूस रंगाचा बोराएवढा गोळा दिसला. दिसला म्हणजे काय, चमकून गेला. माझ्या मनात जो आनंद झाला तो येथे कबूल करतो. खेड्यात दोन वर्षे हगवणीचे सलाइन लावून कंटाळलेल्या तरुण डॉक्टरला काहीतरी निराळे सापडले होते. मी चांगल्या इंग्रजीत लांबलचक चिठ्ठी लिहिली. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: गाठ लवकरात लवकर काढून टाकावी. बापाने बैल विकला आणि मुलीला एका मोठ्या शहरातल्या शल्यचिकित्सकाकडे नेले. त्यांनी गाठ काढली. जखम छान भरली. ठसका थांबला, घोरणे थांबले. बाप माझ्यासाठी पेढे घेऊन आला.

नंतरच्या थंडीत ती मुलगी पुन्हा आली. ‘लई शांत झाली हो,’ आई कौतुकाने म्हणाली. ‘रडतच न्हाई. निजवावं तिथं निजती.’ मुलगी खरोखर शांत होती. हातपाय गार, कातडी खरखरीत, बेंबी वर आलेली, चार-चार दिवस शौचाला होत नव्हते. मी टॉनिक दिले. पुढच्या महिन्यात दुसरे टॉनिक दिले. मग जंताचे औषध, मग कॅल्शियम. ती बसायला विसरत चालली होती आणि मी बाटल्या बदलत होतो. असे सहा-सात महिने गेले.

एके दिवशी आजी मुलीला घेऊन आली. बोलता बोलता तिने कनवटीची पिशवी सोडली. तीत कुंकवाची पुडी, दोन नोटा आणि घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद होता. ‘त्या दवाखान्यात दिल्ता. म्हनले, तुमच्या डाक्टरला दावा. तुमी मागितला न्हाई, म्हनून ऱ्हायला.’ तो काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल होता. दोनच ओळी. मी त्या वाचल्या आणि मला बसावे लागले. गाठीत थायरॉईड ग्रंथीच्या पेशींखेरीज दुसरे काही नव्हते.

वाचकांपैकी डॉक्टर नसलेल्यांसाठी येथे थोडे थांबले पाहिजे. थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनळीला बिलगून बसलेली ग्रंथी. शरीराची ऊब, वाढ आणि लहानपणी मेंदूची घडण तिच्या स्रावावर चालते. पण ही ग्रंथी जन्मते ती गळ्यात नव्हे. गर्भ चार आठवड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, तेव्हा जिभेच्या मुळाशी ती उगवते आणि तेथून हळूहळू खाली उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या जागी पोचते. ती जेथून निघाली तेथे एक बारीकशी खाच राहते. आपणा सर्वांच्या जिभेच्या मागच्या भागात ती आहे. कधी काळी एखाद्या बाळात ही ग्रंथी निघतच नाही. जिभेच्या मुळाशीच घर करून राहते आणि तेथूनच आपले काम करते. अशा दहापैकी सुमारे सात जणांत गळ्यात दुसरी थायरॉईड नसतेच. जी आहे ती तेवढीच. मुलींमध्ये हे अधिक आढळते. तेव्हा जिभेच्या मुळावरची मधोमध गाठ दिसली की पहिले काम म्हणजे बोटांनी गळा चाचपणे, मग रक्त तपासणे, आणि ग्रंथी कोठे आहे याचा शोध घेणे. १९८६ मध्येही परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा शोध घेता येत होता. ते १९६३ पासून चालू होते. गाठीला सुरी लावायची ती या सगळ्यानंतर, आणि बहुतेक वेळा लावायचीच नाही. थायरॉईडच्या गोळ्या दिल्या की ती गाठ पुष्कळदा आपोआप लहान होते.

हे सगळे माझ्या पुस्तकात होते. परीक्षेला आले असते तर मी दहापैकी आठ गुण मिळवले असते. त्या शल्यचिकित्सकांनी गळा चाचपला होता की नाही, मला ठाऊक नाही. त्यांना मी कधी विचारले नाही. मी चाचपला नव्हता, हे मला ठाऊक आहे. आणि शेवटची ओळ माझी होती.

त्या दिवसांत मी रात्री वाचीत बसे, आणि वाचता वाचता मला बर्नचा कोखर भेटला. थिओडोर कोखर हा स्वित्झर्लंडमधला थोर शल्यचिकित्सक. गलगंड झालेल्यांची थायरॉईड तो इतक्या सफाईने काढी की रक्ताचा थेंब वाया जाऊ देत नसे. १८७४ साली त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पुरती काढली. पुढे गावच्या डॉक्टरकडून त्याला कळले की ती मुलगी मंद झाली आहे, तिची वाढ थांबली आहे. धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली. कोखरने काय करावे? त्याने आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावले आणि एकेकाला तपासले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांतले बहुतेक तसेच झाले होते. १८८३ मध्ये त्याने हे स्वतःच्या तोंडाने जगाला सांगितले आणि ग्रंथी संपूर्ण काढणे सोडून दिले. त्याला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते थायरॉईडवरच्या कामासाठी. लोक पारितोषिक लक्षात ठेवतात. मला मात्र त्याने जुन्या रुग्णांना पाठवलेली ती बोलावणी आठवतात. पत्र टाकताना त्याचा हात कसा झाला असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

मुलीला थायरॉईडची गोळी सुरू केली. सकाळी उपाशीपोटी, चमच्यात पाण्यात चुरून. तीन आठवड्यांत हातपाय ऊबदार झाले. दोन महिन्यांत ती हट्ट करून रडू लागली. त्या रडण्याने मला झालेला आनंद कुणाला सांगून पटायचा नाही. पण मेंदूच्या घडणीचे जे महिने गेले ते गेले. ती उशिरा चालली, उशिरा बोलली. शाळेत चौथीच्या पुढे गेली नाही. आज ती चाळिशीला टेकली आहे. मोजकेच बोलते, उत्तर द्यायला वेळ घेते, पण दिलेले उत्तर पक्के असते. घरची दोन शेरडे सांभाळते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोळ्यांसाठी माझ्याकडे येते आणि बाकावर बसते. तिच्याकडून मी पैसे घेत नाही. तिच्या वडिलांना याचे कारण मी एकदा स्पष्ट सांगितले होते. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘तुमी तरी कागद वाचला.’ याच्यापेक्षा शिवी दिली असती तर बरे झाले असते.

‘साधी गाठ’ असे आम्ही म्हणतो. कॅन्सर नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याला वाटते की काळजीच नको. जिभेवरच्या थायरॉईडची पहिली नोंद हिकमन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८६९ साली केली, ती एका नवजात बालकाची. तीही साधीच गाठ. तिने श्वासमार्गाचे झाकण दाबून धरले आणि बाळ जन्मल्यापासून सोळा तासांत गुदमरून गेले. तान्ह्याच्या तोंडात जागाच किती असते! तेथे गाठीचा स्वभाव साधा असून भागत नाही, तिचा शेजारही पाहावा लागतो.

त्यानंतर मी तोंडे पाहू लागलो. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे, मग ते कशासाठीही आलेले असो. काही निराळे दिसले ते वहीत लिहून ठेवले. एका बाळाच्या जिभेखाली निळसर, पाण्याने भरल्यासारखा फुगा होता. याला लॅटिनमधल्या बेडकाच्या नावावरून ‘रॅन्युला’ म्हणतात, कारण तो बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखा दिसतो. लाळेची वाट तुंबल्याने होतो. सुश्रुताने ‘उपजिह्विका’ म्हणून जी जीभ वर उचलणारी सूज वर्णिली आहे ती वाचताना मला हाच फुगा आठवतो; खरवडून वर क्षार चोळावा, असा त्याचा उपाय. दुसऱ्या एका मुलीच्या जिभेच्या कडेला तांबडालाल डाग होता, जन्मतः नसलेला, महिन्याने उगवलेला आणि रडताना फुगणारा. हा रक्तवाहिन्यांचा गुच्छ. वर्षभर वाढतो आणि मग वर्षानुवर्षे ओसरत जातो. पूर्वी आम्ही फक्त धीर देत असू. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो येथील डॉक्टरांना एका बाळाला हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल देताना असा गुच्छ फिका पडत असल्याचे दिसले. रक्तदाबाचे ते जुने, स्वस्त औषध आता या कामी येते. मात्र बाळाची नाडी आणि रक्तातली साखर यांच्यावर नजर ठेवून. आणखी एकाच्या जिभेवर भिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक फोड होते आणि प्रत्येक सर्दीत जीभ तोंडात मावेनाशी होई. ती लसिकावाहिन्यांची गाठ. तिला एका औषधाने पुरे पडत नाही, आणि तो मुलगा अजून मुंबईच्या फेऱ्या करतो आहे.

आणि एकदा गाठ नव्हतीच. बाळ दात घेऊनच जन्मले होते. दातावर जीभ घासून खाली चट्टा पडला होता, कडा उंचावलेला, नवख्याला गाठच वाटावी असा. रीगा आणि फेडे या इटालियन डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो. दात घासून गुळगुळीत करावा, नाही जमले तर काढावा, की चट्टा भरून येतो. घरात मात्र मामाचे काय होणार याची चर्चा चालू होती. मामा दारातच उभा होता. त्याला मी आत बोलावले आणि बाळाला धरायला लावले. तो अजून ठणठणीत आहे.

असो. मला सांगायचे होते ते २०१७ च्या दिवाळीचे.

श्रावणात जन्मलेली मुलगी, अडीच महिन्यांची. आशाताई वजन करायला गेल्या तर काटा हलेना, म्हणून त्यांनीच आई आणि आजीला माझ्याकडे पाठवले. मूल दोन घोट ओढते, सोडते, रडते, पुन्हा ओढते. आजीने बोंडल्याने दूध घालून कसेबसे जगवले होते. मी तिला रडवले. जिभेच्या पाठीवर, मधल्या रेषेवर, बरीचशी मागे, चिंचोक्याएवढी गुलाबी गाठ होती, बारीक देठावर लोंबणारी. दूध ओढताना ती मागे-पुढे होऊन घशावर येत होती.

‘घोड्याच्या शेपटीचा केस बांधला तर चामखीळ गळून पडती,’ आजी म्हणाली. ‘मंग हे न्हाई का पडायचं? केस आनलाय म्या.’

तिने खरोखर पदराच्या गाठीतून केस काढून दाखवला. मी हसलो नाही. देठ आवळून गाठ सुकवायची ही युक्ती शल्यशास्त्रालाही परकी नाही. पण चामखीळ मानेवरून गळून पडते ती जमिनीवर. ही गळली असती तर कोठे पडली असती? तसे मी विचारले. आजीने बाळाच्या घशाकडे पाहिले आणि केस मुकाट्याने परत पदरात बांधला.

मग मी बाळाचा गळा चाचपला. इतक्या लहान मुलाच्या गळ्यात बोटाला थायरॉईड लागत नाही, तरी चाचपला. गाठ दाबून पाहिली, फिकी पडली नाही. रडताना फुगली नाही. म्हणजे रक्तवाहिन्यांची नसावी. मग टाळू पाहिला आणि दोन्ही हातापायांची बोटे एकेक करून मोजली.

‘डाक्टर, बोटं कामून मोजायलात? गाठ जिभंला हाय.’

तिची शंका रास्त होती. पॅपिलाँ-लेआज आणि प्सोम या फ्रेंच डॉक्टरांनी १९५४ साली एक आजार वर्णिला. त्यात जीभ चिरलेली, गाठींची, टाळू फाटलेला आणि बोटे आखूड किंवा जोडलेली असतात. तो जवळजवळ मुलींमध्येच दिसतो आणि पुढे मूत्रपिंडावर जातो. म्हणून जिभेवर अशी गाठ दिसली की बोटे मोजायची. वीसच्या वीस सरळ होती. आजीने माझ्या मागोमाग पुन्हा एकदा मोजली.

‘आधी बीडला सोनोग्राफी, रक्त, मग औरंगाबाद,’ मी सांगितले. तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर.

इतका वेळ गप्प असलेली आई आता बोलली. भाऊबीज झाली की टोळी निघणार होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती लेकीच्या बाळंतपणात आणि घराच्या पत्र्यांत गेलेली. एक दिवस चुकला तर खाडा, अख्खा हंगाम चुकला तर उचल अंगावर. ‘आल्यावर करू. चैतात येताव. तवर केस बांधून बघते, न्हाई तर बोंडल्यानं पाजते.’ ती हे डोळ्यांत पाणी न आणता म्हणाली. हिशेब करून झालेला होता.

बाकावर त्या दिवशी माझी ती जुनी रुग्ण बसली होती. गोळ्या न्यायला आली होती. बाळ फार रडू लागले तेव्हा तिने न विचारता त्याला मांडीवर घेतले आणि थोपटू लागली. मला काय वाटले कोण जाणे. आजवर तिच्या घरच्यांखेरीज कुणाला न सांगितलेली गोष्ट मी त्या दोघींना सांगितली. गाठ कोणती आहे हे न पाहता मी चिठ्ठी कशी लिहिली, कागद पिशवीत कसा राहिला, महिने कसे गेले, सगळे. सांगताना मी ‘एक मुलगी होती’ अशी सुरुवात केली होती. संपल्यावर बाकावरून सावकाश आवाज आला, ‘माझीच गोस्ट हाय ती.’

आजीने तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग आपल्या सुनेला म्हणाली, ‘तू ऱ्हा. त्याला जाऊ दे एकल्याला.’

मुकादमाला मी स्वतः भेटलो. मनात त्याच्याविषयी बरेच काही योजून गेलो होतो. तो निघाला साधा, थकलेला माणूस. त्याच्यावरही वर पैसे होते. ‘मपल्या घरी बी लेकरं हायती, डाक्टर. पन अर्ध्या कोयत्यावर फड रिकामा होत न्हाई,’ तो म्हणाला. शेवटी बाईने महिनाभराने यावे, तोवर नवऱ्याबरोबर त्याचा भाऊ मोळ्या बांधील, आणि भावाची रोजी त्यांच्या हिशेबातून कापावी असे ठरले. त्यात न्याय होता असे मी म्हणत नाही. त्या कुटुंबाला ती गाठ किती महाग पडली याचा आकडा मला माहीत आहे. तो लिहीत नाही.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही बीडला गेलो. मी सहसा कुणाबरोबर जात नाही. गळ्यावर यंत्र फिरू लागले तेव्हा मी पडद्याकडे पाहायचे टाळत होतो. ‘आहे, दोन्ही बाजूंना व्यवस्थित आहे,’ तपासणारे डॉक्टर म्हणाले. श्वासनळीच्या दोन अंगांना राखाडी रंगाचे दोन लहान ठसे होते, कुणी अंगठा उमटवल्यासारखे. मी त्यांना पुन्हा दाखवायला लावले. मूत्रपिंडेही ठीक होती. रक्ताचा अहवाल दोन दिवसांनी आला, तोही ठीक. म्हणजे ही गाठ काढता येणार होती.

दिवाळी संपल्यावर घाटीत शस्त्रक्रिया झाली. खरी जोखीम कापण्यात नव्हती, भूल देण्यात होती. भुलीची नळी घालायची ती जिभेवरूनच, आणि वाटेत ही लोंबणारी गाठ. भूलतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी जितका वेळ घेतला त्याच्या निम्म्यातही पुढचे काम उरकले. देठाशी गाठ कापली, विरघळणारे तीन टाके घातले. संध्याकाळी मुलीला अंगावर घेतले. आजी सांगत होती, ‘सोडीनाच की. मायला म्हनलं, आता पुरं कर.’

तीन आठवड्यांनी मायलेकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सांगलीकडे गेल्या. अहवाल आला तो त्यानंतर. या वेळी मी तो स्वतः मागवून घेतला होता. गाठीत स्नायूंचे धागे, चरबी आणि वर जिभेसारखीच त्वचा होती. अशा गाठीला ‘हॅमार्टोमा’ म्हणतात. अल्ब्रेख्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०४ साली हा शब्द बनवला, ‘नेम चुकणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. जागेवरच्याच पेशी, पण प्रमाण आणि मांडणी चुकलेली. पुरती काढली की सहसा पुन्हा येत नाही.

मी फोन लावला. मागे पाचटाची सळसळ आणि कोयत्यांचे घाव ऐकू येत होते. कॅन्सर नाही, काही नाही, हे तिला तीनदा सांगितले.

‘मंग ते काढलेलं कुनाचं व्हतं?’ तिने विचारले.

‘तिचंच. जिभेचंच मांस. जास्तीचं झालं होतं.’

‘तिचंच व्हय?’ ती जरा थांबली. ‘मला वाटलं, म्या काय खाल्लं-बिल्लं त्याचं असंल.’

गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली होती, हे तिने मला त्या फोनवर सांगितले. अडीच महिने आणि वर हे सारे दिवस ती ते मनात घेऊन हिंडत होती, आणि मी बोटे मोजत होतो, गळा चाचपत होतो, तिला काय वाटते ते विचारायचे मला सुचले नव्हते. तुझ्या हातून काहीही झालेले नाही, असे मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘गाडी भरायची हाय,’ आणि फोन बंद झाला.

चैत्रात टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी तिघी दवाखान्यात हजर. मुलगी आठ महिन्यांची, गालांवर उसाच्या फडातले ऊन, आणि वजनाचा काटा असा सरकला की आशाताईंनी दोनदा पाहिला. मी बॅटरी काढली, अंगठा हनुवटीवर ठेवला. मुलीने ओठ घट्ट मिटले. रडेल तर शपथ. गुदगुल्या केल्या, टाळ्या वाजवल्या, बॅटरी लावली-विझवली. ती माझ्याकडे टकमक पाहत राहिली. शेवटी आजीने कनवटीची पिशवी सोडली, तीतून सांगलीच्या गुळाचा एवढासा खडा काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. तेव्हा कोठे जीभ बाहेर आली.